दुखणं बोटांत, सुरुवात फुप्फुसात

सकाळी उठल्यावर मूठच वळत नाही. डब्याचं झाकण निघत नाही, साडीची पिन लावता येत नाही आणि बोटं सैल व्हायला तास-दीड तास जातो. आमवाताचं, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं, हे नेहमीचं लक्षण. अशा वेळी डॉक्टरांनी "बिडी-सिगारेट ओढता का?" असं विचारलं, की पेशंट बुचकळ्यात पडतो. धूर जातो छातीत, त्याचा बोटांशी काय संबंध?

संबंध आहे, आणि तो सिट्रुलिनमार्फत जुळतो. हा पदार्थ पहिल्यांदा कलिंगडाच्या रसात सापडला, म्हणून कलिंगडाच्या 'सिट्रुलस' या शास्त्रीय नावावरून त्याचं बारसं झालं. आपल्या प्रथिनांत आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. धुरामुळे फुप्फुसाला सूज राहिली की तिथली काही विकरं (एन्झाइम्स) जोमात येतात आणि त्या आर्जिनिनचं सिट्रुलिन करून टाकतात. प्रथिन घरचंच, पण चेहरा बदललेला. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसात सलाइन सोडून ते परत ओढून तपासलं, तेव्हा त्यातल्या पेशींत अशी प्रथिनं आढळली. काहींच्या शरीराला ती परकी वाटतात आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तयार होतात. पुढे सांध्यांना सूज आणण्यात त्यांचाच हात असतो, असं मानलं जातं. सांधा दुखायच्या कित्येक वर्षं आधीपासून ही प्रतिपिंडं रक्तात असू शकतात. आमवातासाठीच्या 'अँटी-सीसीपी' या रक्ततपासणीत शोधतात ती हीच.

मग प्रत्येक बिडी ओढणाऱ्याला आमवात का होत नाही? इथे जनुकं येतात. स्वीडनमधल्या लार्स क्लारेस्कोग आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवलं, की जोखमीचं जनुक आई आणि वडील दोघांकडूनही आलेलं असेल आणि वर धूम्रपानही असेल, तर ही प्रतिपिंडं असलेल्या आमवाताचा धोका २१ पट होतो. तुलना होती, जनुकही नाही आणि धूम्रपानही नाही अशांशी. हा आकडा मला फार बोलका वाटतो. प्रतिपिंडं नसलेल्या आमवाताशी मात्र धुराचं नातं इतकं घट्ट दिसत नाही.

स्वीडनमध्ये ओठाखाली तंबाखूची पुडी ठेवणारेही पुष्कळ. त्यांच्यात आमवाताचा धोका वाढलेला दिसला नाही. म्हणजे संशय निकोटिनपेक्षा धुरावर जास्त. (मशेरी-गुटख्याला यातून सूट मिळत नाही, तोंडाचा कॅन्सर तिथे आहेच.)

आजार जडल्यावरही धूर आडवा येतो. मेथोट्रेक्सेट हे आमवातावर सहसा सर्वांत आधी दिलं जाणारं औषध धूम्रपान करणाऱ्यांना कमी लागू पडतं. सिगारेट सोडली की धोका उतरतो, पण सावकाश, वर्षानुवर्षं. म्हणून आईला किंवा मावशीला आमवात असेल, तर घरातल्या कॉलेजच्या पोराशी हे आजच बोलायला हवं.