चित्रातलं रक्त लाल राहत नाही

एकांकिका स्पर्धांचा हंगाम जवळ आला की ठाण्यात, नौपाड्याच्या आसपासच्या तालमींमध्ये, खुनांचं प्रमाण वाढतं. यंदा हातात आलेल्या एका संहितेत खुनी चित्रकार आहे. बळींच्या रक्तानं तो मोठा कॅनव्हास रंगवतो आणि वर्षभरानं प्रदर्शनात इन्स्पेक्टर त्या चित्रासमोर थबकून म्हणतो, "काय जिवंत लाल आहे हा!" लिहिणारी माझी जुनी विद्यार्थिनी. "सर, केमिस्ट्रीत कुठे गंडलंय का, तेवढं बघा ना," म्हणाली. गंडलंय ते नेमकं या वाक्यात.

रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. त्यातल्या लोहाचा अणू ऑक्सिजन धरतो आणि सोडतो, पण स्वतः गंजल्यासारखा बदलत नाही. बदललाच तर पेशीतली एन्झाइम्स त्याला परत मूळ अवस्थेत आणतात. रक्त बाहेर सांडलं की ही देखभाल संपते. लोहाचं ऑक्सिडीकरण होतं, मेथहिमोग्लोबिन तयार होतं आणि लाल डाग तपकिरी होऊ लागतो. पुढे प्रथिनाची घडीच बिघडते आणि रंग आणखी काळवंडतो. वेग तापमानावर आणि हवेतल्या दमटपणावर अवलंबून, पण दिशा एकच. शिवाय जाड थर सुकताना तडकतो, पापुद्रे सुटतात. वर्षभरानं त्या इन्स्पेक्टरला दिसेल तो सांडलेल्या चहाच्या जुन्या डागासारखा कॅनव्हास.

ब्रिटिश शिल्पकार मार्क क्विन यानं 1991 मध्ये स्वतःच्याच सुमारे साडेचार लिटर रक्तातून स्वतःचं डोकं साकारलं. ते शिल्प कायम गोठवलेलं ठेवावं लागतं. वीज गेली तर कलाकृती गेली!

खराखुरा खुनी चित्रकार हवा असेल तर कारावाज्जो आहे. 1606 मध्ये रोममध्ये त्याच्या हातून रानुच्चो तोमास्सोनी मारला गेला आणि तो पळाला. दोन वर्षांनी माल्टात त्यानं संत जॉनच्या शिरच्छेदाचं भव्य चित्र काढलं आणि जॉनच्या मानेतून वाहणाऱ्या रक्तातच आपलं नाव लिहिलं. त्याची सही असलेलं हे एकमेव ज्ञात चित्र. चारशे वर्षांनंतरही ते रक्त लाल दिसतं, कारण तो रंग आहे.

मग डाग रंगाचा की रक्ताचा, हे ओळखायचं कसं? पहिली चाचणी साधी आहे आणि तिचा नायक शाळेच्या प्रयोगशाळेतला: फिनॉल्फ्थॅलिन. इथे त्याचं रंगहीन केलेलं रूप वापरतात. डागावर किंचित ओला कापूस फिरवायचा, त्यावर आधी अल्कोहोलचा थेंब, मग हे रसायन, आणि शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड. रक्त असेल तर काही सेकंदांत कापूस गुलाबी होतो, कारण हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग, म्हणजे हीम, ती अभिक्रिया घडवून आणतो. क्रम महत्त्वाचा. पेरॉक्साइड टाकण्याआधीच गुलाबी आलं तर तो दुसऱ्याच एखाद्या ऑक्सिडीकारकाचा उद्योग. काही भाज्यांतली एन्झाइम्सही फसवू शकतात, म्हणून या चाचणीवर कुणी फासावर जात नाही. ती फक्त 'पुढे तपासा' सांगते. रंगाची बाजू क्ष-किरणांनी कळते: हिंगूळ असेल तर पारा दिसतो, शेंदरात शिसं, कॅडमियम रेडमध्ये कॅडमियम. गेरू मात्र लोहाचाच, तिथे घाई करू नये.

हा वाद खऱ्या खटल्यातही झालाय. जर्मनीतला सुतार लुडविग टेस्नो 1898 मध्ये दोन मुलींच्या खुनाच्या संशयातून 'कपड्यांवरचे डाग लाकूड रंगवायच्या रंगाचे' असं सांगून सुटला. 1901 मध्ये ऱ्यूगन बेटावर दोन मुलगे मारले गेले, तेव्हाही त्यानं तेच सांगितलं. पण त्याच वर्षी पॉल उलेनहूथ यांनी नवी चाचणी शोधली होती. माणसाच्या रक्ताविरुद्ध सशात प्रतिपिंडं तयार करायची. त्या सशाच्या रक्तद्रवात माणसाच्या रक्ताचा अंश पडला की तो गढूळतो. टेस्नोच्या कपड्यांवर मेंढीचं रक्त निघालं, आणि माणसाचंही.

हे ऐकून विद्यार्थिनीनं दुसऱ्या दिवशी शेवट बदलला. आता चित्र तपकिरीच आहे आणि चित्रकार म्हणतो, "बकऱ्याचं रक्त आहे, खाटकाकडून आणलंय." चांगलं आहे, पण हा बचाव 1901 सालीच संपला. माणसाचं रक्त ठरलं की कोणाचं, हे डीएनए सांगतो. फक्त तिच्या इन्स्पेक्टरनं 'लाल पेशींतला डीएनए' म्हणू नये, हे मी संहितेवर पेन्सिलीनं लिहून दिलंय. माणसाच्या पक्व लाल पेशीला केंद्रकच नसतं. डीएनए मिळतो तो पांढऱ्या पेशींतून.