वापराविना राखलेल्या केव्हीएचे पैसे कोणी द्यायचे? स्टँडबाय आकाराची पार्श्वभूमी

कारखान्याने स्वतःचा टर्बाइन बसवला म्हणून कोणी महावितरणची लाइन काढून टाकत नाही. टर्बाइन देखभालीसाठी ठरवून बंद ठेवावा लागतो. शिवाय बॉयलरची ट्यूब फुटणे, कंडेन्सरचा व्हॅक्यूम उतरणे, जनरेटरचा रिले पडणे या गोष्टी सांगून होत नाहीत. अशा वेळी ग्रिडने, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्याने, भार उचलावा म्हणून जी क्षमता राखली जाते (ती केव्हीएमध्ये मोजतात), तिचा मोबदला म्हणजे स्टँडबाय आकार. राखलेली क्षमता वर्षातले बहुतेक दिवस वापराविना पडून असते. तिचे पैसे कोणी आणि किती द्यायचे, एवढ्याच मुद्द्यावर शंभराहून अधिक वर्षे भांडण चालले आहे.

त्याचे मूळ 1892 मध्ये जॉन हॉपकिन्सन यांनी इंग्लंडमध्ये मांडलेल्या हिशेबात आहे. वीजपुरवठ्याचा काही खर्च विकलेल्या युनिटवर अवलंबून असतो आणि काही केवळ पुरवठ्याला सज्ज राहण्याचा असतो, म्हणून दराचेही दोन भाग हवेत, असे त्यांचे म्हणणे होते. आजच्या एचटी (उच्चदाब) बिलातला डिमांड चार्ज, म्हणजे कमाल मागणीवरचा आकार, तिथूनच आला. त्या काळी गिरण्या आणि मोठी हॉटेले स्वतःचे डायनॅमो चालवत. अमेरिकेत त्यांना अडीअडचणीला मिळणाऱ्या विजेला ‘ब्रेकडाउन सर्व्हिस’ म्हणत आणि तिचे दर चढे ठेवले जात. हेतू उघड होता: स्वतःचा डायनॅमो परवडू नये आणि गिऱ्हाईक कायमचे आपल्याकडे यावे.

या हेतूला कायद्याने पहिला मोठा आळा बसला तो अमेरिकेतच, वीज कंपन्यांच्या नियमनासाठीच्या 1978 च्या ‘पुर्पा’ कायद्याने. त्याखाली 1980 मध्ये संघीय नियामक आयोगाने केलेल्या नियमांनी विजेचे चार प्रकार वेगळे केले: नेहमीची पूरक वीज, अचानक बिघाडातली वीज, ठरलेल्या देखभालीतली वीज आणि खंडित करता येणारी वीज. सगळे स्वयंनिर्मिती संच एकाच वेळी किंवा नेमके शिखर मागणीच्या वेळी बंद पडतील, असे पुराव्याशिवाय गृहीत धरून दर ठरवायचा नाही, ही त्यातली खरी मेख. न्यूयॉर्कने 2001 च्या आदेशानंतर आणखी पुढे जाऊन करारातल्या क्षमतेचा आकार वेगळा केला आणि प्रत्यक्ष वापरलेल्या मागणीचा आकार दिवसाच्या हिशेबाने लावला. एका दिवसाच्या बिघाडासाठी पूर्ण महिन्याचा भुर्दंड का, हा प्रश्न त्यामुळे निदान तिथे बराच सुटला.

आपल्याकडे हा प्रश्न फार काळ दराचा नव्हताच. 1948 च्या वीजपुरवठा कायद्याच्या कलम 44 मुळे राज्य वीज मंडळाच्या संमतीशिवाय नवे वीजनिर्मिती केंद्र उभारता येत नसे. परवानगीच हातात असल्यावर दराचे शस्त्र काढायची गरज नव्हती. महाराष्ट्रात स्टँडबायचा खरा वाद पेटला तो मुंबईत, आणि तोही दोन वीज कंपन्यांमध्ये.

टाटा पॉवरने राज्य वीज मंडळाकडून 550 एमव्हीए (एक एमव्हीए म्हणजे हजार केव्हीए) स्टँडबाय घेतलेला होता. टाटांच्या ट्रॉम्बे वीज केंद्रात 500 मेगावॅटचे संच होते. 0.9 पॉवर फॅक्टर (केव्हीएतला प्रत्यक्ष कामाच्या विजेचा वाटा) धरला तर 500 मेगावॅट म्हणजे सुमारे 555 एमव्हीए. म्हणजे सर्वांत मोठा एक संच पडला तर जेवढी पोकळी होईल, जवळपास तेवढाच हा आकडा. उपनगरांना वीज देणारी बीएसईएस तोवर टाटांकडून घाऊक वीज घेई. 1995 च्या सुमारास तिचे डहाणूचे 250 मेगावॅटचे दोन संच सुरू झाले आणि तिलाही स्टँडबाय लागला, तो 275 एमव्हीए. इथेही तोच हिशेब बसतो: 250 भागिले 0.9, सुमारे 278. तो टाटांमार्फत मिळू लागला, पण त्यासाठी टाटांना किती द्यायचे यावर एकमत होईना. प्रकरण राज्य सरकारकडून राज्य वीज नियामक आयोगाकडे गेले. विद्युत अपिलीय न्यायाधिकरणाने डिसेंबर 2006 मध्ये टाटा पॉवरने उपनगरांच्या त्या वीज कंपनीला 354 कोटी रुपये व्याजासह परत करावेत असे सांगितले, आणि सर्वोच्च न्यायालयात 2019 मध्ये टाटांचे अपील फेटाळले गेले. डहाणूचा पहिला संच सुरू झाल्याला तोवर दोन तपे होत आली होती.

दरम्यान आयोगाने महावितरणला मुंबईच्या 550 एमव्हीएसाठी वर्षाला 396 कोटी रुपये ठरवून दिले आणि त्यांचा बोजा मुंबईतल्या वितरण कंपन्यांत वाटला जाऊ लागला. भागाकार केला तर दर महिन्याला प्रति केव्हीए 600 रुपये येतात, वीज घ्या किंवा न घ्या.

याच आयोगाचा कारखान्यांसाठीचा नियम पाहिला की नवल वाटते. 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 9 ने कॅप्टिव्ह प्रकल्पाला, म्हणजे स्वतःच्या वापरासाठीच्या वीजनिर्मितीला, मोकळीक दिली. 2005 च्या नियमांनी वीज वापरणाऱ्यांची किमान 26 टक्के मालकी आणि वर्षाच्या निर्मितीपैकी किमान 51 टक्के वापर ही अट घातली. महावितरणच्या 2006 नंतरच्या दर आदेशांत वर्षानुवर्षे एक ओळ राहिली: कॅप्टिव्ह प्रकल्पाच्या स्टँडबाय मागणीवर दरमहा प्रति केव्हीए 20 रुपये जादा डिमांड चार्ज, तोही नोंदलेली मागणी करार मागणीच्या (पुरवठा करारात ठरलेल्या मर्यादेच्या) वर गेली तरच. वर गेलेल्या मागणीवर नेहमीचा डिमांड चार्ज लागतोच, म्हणून 600 आणि 20 ची थेट तुलना करता येत नाही. तरी तत्त्व उलटे आहे हे नक्की. मुंबईत राखण्याचे पैसे, कारखान्याकडून वापरण्याचे. आमच्या मते यामागचे तर्कशास्त्र चुकीचे नाही. मुंबईचा स्टँडबाय ही एकाच ठिकाणची मोठी पोकळी आहे, तर राज्यभर विखुरलेल्या कारखान्यांचे संच एका वेळी ट्रिप (अचानक बंद) होत नाहीत.

हिशेब कसा चालतो ते एका उदाहरणाने पाहू. कारखान्याचा भार 5500 केव्हीए, स्वतःची निर्मिती 3500, करार मागणी 2000. जुन्या आदेशांनुसार कमाल मागणी म्हणजे सलग अर्ध्या तासाची सरासरी. टर्बाइन ट्रिप झाला आणि 20 मिनिटे सगळा भार ग्रिडवर राहिला, तर सरासरी निघते सुमारे 4333 केव्हीए. पाच मिनिटांत चिलर आणि कॉम्प्रेसर हाताने बंद केले तर तीच 2583 वर येते. मोटारींच्या सुरुवातीच्या करंटचा झटका काही सेकंदांचा असतो आणि सरासरीत विरून जातो. बिल वाढते ते तसाच चालू राहिलेल्या भारामुळे.

इथे एक चूक फार ठिकाणी दिसते. भार कमी करायला अंडर-फ्रीक्वेन्सी रिले लावलेला असतो, पण संच ग्रिडशी समांतर चालत असेल तर तो ट्रिप झाल्यावर फ्रीक्वेन्सी पडतच नाही, कारण ग्रिड ती धरून ठेवतो. रिले गप्प बसतो आणि मीटर पळत राहतो. भार सोडण्याचा सिग्नल जनरेटर ब्रेकरच्या सहायक कॉन्टॅक्टवरून किंवा आयात विजेवर लक्ष ठेवणाऱ्या रिलेवरून घ्यावा लागतो.

बिल त्या महिन्यापुरतेही राहत नसे. बिलिंग डिमांड, म्हणजे जिच्यावर बिल आकारतात ती मागणी, ठरवताना मागच्या अकरा महिन्यांतल्या सर्वांत जास्त बिलिंग डिमांडच्या 75 टक्के धरत, करार मागणीच्या मर्यादेत. म्हणजे 4333 नोंदलेल्या वरच्या कारखान्याने एरवी 1400 केव्हीएच वापरले तरी पुढचे अकरा महिने त्याला 2000 चे पैसे भरावे लागत. स्टँडबाय करारच नसेल तर जादा मागणीवर दीडपट दंड वेगळा.

ओपन ॲक्सेसने, म्हणजे वितरण कंपनीच्या तारांवरून बाहेरच्या उत्पादकाची, वीज आणणाऱ्यांचा रस्ता निराळा. 2006 च्या राष्ट्रीय वीजदर धोरणाने त्यांच्या जनरेटरच्या बिघाडात तात्पुरत्या जोडणीचा दर लावायला सांगितले, आणि हा दर भारी पडे. 2016 च्या सुधारित धोरणाने त्यावर त्या वर्गाच्या नेहमीच्या दराच्या 125 टक्क्यांची कमाल मर्यादा घातली. छतावरच्या सौर प्रकल्पांचा विषय आला तेव्हा राज्य आयोगाने मार्च 2020 च्या आदेशात ग्रिड सपोर्ट आकार (ग्रिडच्या आधाराचा मोबदला) लगेच न लावता राज्यातली रूफटॉप क्षमता 5000 मेगावॅट होईपर्यंत थांबायचे ठरवले.

2022 च्या हरित ऊर्जा ओपन ॲक्सेस नियमांनी मात्र 1980 च्या अमेरिकी नियमांतला एक धागा आपल्याकडे आणला. ग्राहकाने आदल्या दिवशी, डे-अहेड बाजार (दुसऱ्या दिवशीच्या विजेचा बाजार) बंद होण्यापूर्वी वितरण कंपनीला सूचना दिली, तर स्टँडबाय आकार लागत नाही. ठरलेल्या देखभालीला याचा फायदा होतो. बॉयलरची ट्यूब फुटली तर सूचना द्यायला आदला दिवस मिळत नाही, आणि स्टँडबायचा आकार तिथे लागतोच.