लिनक्सवर जायचं की नाही: प्रश्न जुन्या मराठी फाइलींचा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या ओळखीच्या एका डीटीपीवाल्याने विचारलं, "लिनक्स टाकून घेऊ का?" त्याची मशीन २०१६ ची. कामाला अजून ठणठणीत आहे, पण प्रोसेसर जुना म्हणून विंडोज ११ तिच्यावर अधिकृतपणे चढत नाही.

लिनक्स ही विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणून पैशाचा प्रश्न कधीचाच मिटलाय. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो जीएनयूच्याच जीपीएल या मुक्त परवान्याखाली सगळ्यांसाठी खुला केला. २००४ मध्ये आलेल्या उबंटू या लिनक्सच्या एका प्रकाराच्या सीडी तर अनेक वर्षं टपालाने फुकट घरपोच मिळायच्या.

मग अडतं कुठे? माझ्या मते अक्षरांत. कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये टाइप केलेला 'नागपूर' शब्द निवडा आणि फॉन्ट बदलून पाहा. पडद्यावर इंग्रजीतली यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे ही अक्षरं दिसतील. संगणकाच्या लेखी तिथे नागपूर कधी नव्हतंच. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवून काम भागवलेलं होतं, कारण त्या काळी दुसरा इलाजच नव्हता. जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण विंडोजला ती कळू लागली विंडोज २००० पासून. तोवर हात टाइपरायटरच्या धर्तीच्या रेमिंग्टन कीबोर्डवर बसले होते आणि लग्नपत्रिका, नोटिसा, निविदा यांच्या फाइलींचे ढीग साचले होते.

कृतिदेव फॉन्ट लिनक्सवरही बसतो. पानं मांडायची पेजमेकर आणि कोरलड्रॉ ही सॉफ्टवेअरं मात्र तिथे सरळ चालत नाहीत, आणि या दुकानाचं पोट त्यांच्यावरच आहे. उलट युनिकोडमधला मजकूर दोन्हीकडे सारखाच उघडतो, भारतीय लिप्यांचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्ये आधीपासून असतो, लोहित हे युनिकोड फॉन्टही फुकट आहेत. म्हणून मी त्याला सांगितलं, आधी फाइली युनिकोडमध्ये आण, मग लिनक्सचं बघू. विंडोजवरच राहिलास तरी ही मेहनत वाया जाणार नाही.

आम्ही एक जुनी पत्रिका कन्व्हर्टर सॉफ्टवेअरने युनिकोडमध्ये करून पाहिली. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट. 'विदर्भ' या एकाच शब्दात दोन्ही येतात. कन्व्हर्टरने वेलांटी बरोबर लावली, रफार मात्र पुढच्या शब्दावर जाऊन बसला. तो हाताने दुरुस्त करावा लागला.