एनडीआयएसमध्ये ‘हाय इंटेन्सिटी’ मदत हवी असेल तर पुरावा कसा जोडायचा

मेलबर्न-सिडनीकडच्या मराठी घरांत एनडीआयएसचा (ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अपंगत्व विमा योजनेचा) प्लॅन, म्हणजे कसली आणि किती तासांची मदत मिळणार याचा कागद, आला की बहुतेक वेळा एकच तक्रार ऐकू येते: ‘डॉक्टरांची एवढी जाडजूड फाईल दिली, तरी तास साध्या दराचेच दिले.’ फाईल जाडच असते, वाद नाही. तिच्यात आजाराचं नाव असतं, एमआरआय असतात, पुण्यातल्या हॉस्पिटलचे जुने कागदसुद्धा असतात. पण रात्री दोन वाजता कोण उठतं, उठून काय करतं आणि कुणी उठलंच नाही तर काय होईल, हे एकाही कागदावर नसतं. निर्णय नेमका त्यावर होतो.

पात्रतेचं लवकर आटपतं. अर्ज करताना वय ६५ च्या आत हवं, राहणं ऑस्ट्रेलियात हवं, नागरिकत्व किंवा पीआर (कायम वास्तव्याचा हक्क) हवं (न्यूझीलंडच्या काही नागरिकांचा विशेष व्हिसाही चालतो), आणि अपंगत्व कायमचं व रोजच्या व्यवहारावर मोठा परिणाम करणारं हवं. स्टुडंट किंवा तात्पुरत्या वर्क व्हिसावर मिळत नाही, एजंट काहीही सांगो.

हाय इंटेन्सिटीत येणारी कामं अशी: नळीने अन्न देणं, ट्रॅकिऑस्टॉमी (श्वासासाठी गळ्यात बसवलेली नळी), व्हेंटिलेटर, कॅथेटर, शौचाची गुंतागुंतीची काळजी, न भरणाऱ्या जखमा, त्वचेखालची इंजेक्शनं, गिळण्याचा गंभीर त्रास, आटोक्यात न येणाऱ्या फिट्स. यांना खास शिकवलेला माणूस लागतो, म्हणून दर जास्त. वर्तनाच्या तीव्र अडचणींसाठीही हा दर लागू शकतो, पण तिथे बिहेवियर सपोर्ट प्रॅक्टिशनरचा (वर्तनाच्या अडचणींवर काम करणाऱ्या तज्ज्ञाचा) कागद लागतो. इथली नेहमीची आडकाठी म्हणजे ‘हे आरोग्य खात्याचं काम आहे’ हे उत्तर. ऑक्टोबर २०१९ पासून अपंगत्वामुळे रोज लागणारी अशी आरोग्यविषयक मदत एनडीआयएसमध्ये धरली जाते. हॉस्पिटलातले उपचार मात्र नाहीत. म्हणून ही गरज अपंगत्वातूनच आली आहे, हे वाक्य रिपोर्टमध्ये सरळ लिहून घ्या. वाचणाऱ्याने ते ताडून घ्यावं ही अपेक्षा ठेवू नका.

आता रिपोर्ट. जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) पत्रात सहसा असतं: ‘पेशंटला एपिलेप्सी आहे, चोवीस तास देखरेख आवश्यक.’ यावर कुणी तास वाढवत नाही. उपयोगी पडतं ते असं: ‘आठवड्यातून तीन-चार वेळा झोपेत फिट येते. पाच मिनिटांवर गेली तर गालात मिडाझोलाम द्यावं लागतं. नंतर कुशीवर वळवणं, श्वासावर लक्ष ठेवणं, कपडे बदलणं यात पाऊण तास जातो. वजनामुळे एकट्याला वळवता येत नाही.’ (मिडाझोलाम म्हणजे फिट थांबवणारं औषध.) यातून रात्री जागा राहणारा माणूस का हवा आणि काही कामांना दोघं का लागतात, हे आपोआप कळतं. वेळ, वारंवारता, धोका, किती माणसं, कोणतं प्रशिक्षण आणि स्वस्तातला कोणता उपाय करून पाहिला व तो का पुरला नाही, एवढं प्रत्येक रिपोर्टमध्ये हवंच. रोजच्या कामांबद्दल ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) लिहील, गिळण्याबद्दल स्पीच पॅथॉलॉजिस्ट, शौच-लघवीबद्दल कॉन्टिनन्स नर्स, फिट्सचा प्लॅन न्यूरॉलॉजिस्ट. दोघांच्या रिपोर्टमधले तास जुळत नसतील तर आधी जुळवून घ्या. नाहीतर कमी आकडा उचलला जातो.

एक कागद जवळजवळ कुणाकडेच नसतो: घरची नोंदवही. सक्शन (नळीतला कफ ओढून काढणं) किती वाजता केलं, फिट किती मिनिटं टिकली, रात्री कोण किती वेळा उठलं, हे दोन-चार आठवडे तारीखवार लिहा. मोबाइलच्या नोट्समध्ये लिहिलं तरी चालतं. ओटीलाही त्याचाच आधार मिळतो.

आणि एनडीआयएसच्या प्लॅनरबरोबरच्या मीटिंगमध्ये ‘आम्ही करतो ना, काही त्रास नाही’ असं म्हणू नका. आपल्याकडे लेकराचं करताना त्रास होतो म्हणणं आयांना जड जातं, हे खरं आहे. पण प्लॅनर ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतो आणि तेवढे तास कुटुंबच सांभाळेल असं धरलं जातं. आजी भारतातून आलेली असेल तर ती व्हिजिटर व्हिसावर आहे, कधी परत जाणार आहे आणि तिला उचलणं-वळवणं झेपत नाही, हे लेखी द्या. तुमच्या पाठीचं दुखणं, गेलेली नोकरी, धाकट्याची शाळा हे सगळं केअरर स्टेटमेंटमध्ये (सांभाळणाऱ्या घरच्या माणसाच्या लेखी निवेदनात) यायला हवं. इंग्रजीत अडखळायला होत असेल तर १३१ ४५० वर दुभाषा मागा. पैसे पडत नाहीत.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते तारखांमध्ये. प्लॅन अपुरा वाटला तर निर्णय मिळाल्यापासून ३ महिन्यांत अंतर्गत फेरतपासणी, म्हणजे एनडीआयएस कायद्याच्या कलम १०० खालचा इंटर्नल रिव्ह्यू, मागायचा असतो. लोक त्याऐवजी ‘परिस्थिती बदलली’ हा फॉर्म भरून बसतात. परिस्थिती बदललेलीच नसते, तास आधीपासूनच कमी असतात, त्यामुळे तो अर्ज फेटाळला जातो आणि तोवर ३ महिने उलटतात. प्लॅनरला चार मेल पाठवले म्हणजे रिव्ह्यू मागितला असंही होत नाही. ‘मला कलम १०० खाली रिव्ह्यू हवा आहे’ हे शब्द लिहा आणि पोच जपून ठेवा. रिपोर्ट तयार नसला तरी अर्ज मुदतीत टाका, रिपोर्ट नंतर देता येतो. त्यातही नकार आला तर २८ दिवसांत एआरटीकडे (ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनल, सरकारी निर्णय तपासणारा लवाद) जायचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये एएटीच्या जागी हेच लवाद आलं, त्यामुळे जुन्या माहितीपत्रकांवर वेगळं नाव दिसेल. एनडीआयएसच्या प्रकरणांना तिथे फी नाही, आणि मदतीला मोफत ॲडव्होकेट (अपंगांची बाजू मांडायला मदत करणारा माणूस, वकीलच असेल असं नाही) मागता येतो. त्यांच्याकडेही रांग असते, म्हणून नकाराचं पत्र आलं त्याच आठवड्यात फोन करा.