वॉलपेपरवर वॉलपेपर

वॉलपेपरवर वॉलपेपर : भिंतीवर पूर्वी चिकटवलेला सजावटी कागद न काढता त्याच्यावरच नवा कागद चिकटवण्याची घरगुती पद्धत. जुना कागद खरवडण्याचे कष्ट, त्यासोबत निघणारे गिलाव्याचे पोपडे आणि मिस्त्रीची मजुरी वाचावी म्हणून ती अवलंबिली जाते. ग्रामीण विदर्भात वॉलपेपर तालुक्याच्या गावातील पेंटच्या दुकानांतून, आठवडी बाजारातून आणि मोबाइलवरून मागवलेल्या पार्सलांतून पोहोचला. घरात लग्न ठरले, सोयरे यायचे झाले किंवा दिवाळी जवळ आली, की समोरच्या खोलीची एक भिंत, बहुधा टीव्हीमागची, कागदाने सजवली जाते. पुढे काही वर्षांनी तो कागद विटला की त्याच्यावरच दुसरा चढवावा काय, असा प्रश्न पडतो. भिंत पूर्ण कोरडी आणि जुना कागद एकाच थराचा, प्लास्टिकचा मुलामा नसलेला व सगळीकडे घट्ट बसलेला असेल, तर तसे करता येते. खेड्यातील बऱ्याच भिंती मात्र या अटींत बसत नाहीत, आणि तेथे जुना कागद उतरवूनच नवा लावणे योग्य ठरते.

बाजारात मिळणाऱ्या कागदाचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. खळीने चिकटवायच्या कागदाची गुंडाळी साधारण २१ इंच रुंद व ३३ फूट लांब असते आणि ती ५७ चौरस फूट म्हणून विकली जाते. तिची पाठ कागदी आणि दर्शनी बाजू बहुधा विनाइलची, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ थराची असते. दुसरा प्रकार मागचा कागद सोलून थेट चिकटवायचा, ज्याला सर्वत्र स्टिकर म्हणतात. तिसरा प्रकार विटांची नक्षी उठवलेल्या फोमच्या चौकोनी शीटचा. यांच्या कितीतरी आधीपासून गरिबाच्या घरात मैद्याच्या खळीने जुनी वर्तमानपत्रे भिंतीला लावली जात होती, आणि कागदावर कागद चढवण्याची सवय तेथूनच आलेली असावी.

थरावर थर देणे हा येथील घराचा जुना धर्मच आहे. तुराट्या-पराट्यांच्या कुडावर माती व शेणाचा लेप दिलेली भिंत असो, वा वऱ्हाडातील धाब्याच्या घराची जाड मातीची भिंत असो, दरवर्षी सणासुदीच्या आधी तिला पांढऱ्या मातीचा पोतारा दिला जातो आणि त्यासाठी मागच्या वर्षीचा थर कोणी खरवडून काढत नाही. चुन्याचेही तसेच. ही रीत टिकली, कारण माती, शेण आणि चुना हे तिन्ही पदार्थ ओल शोषतात आणि हवा कोरडी झाली की ती परत सोडतात. कितीही थर चढले तरी भिंतीतील पाणी बाहेर पडायला वाट राहते. साध्या कागदाचा एखादा थरही ही वाट पुष्कळशी मोकळी ठेवतो. विनाइल ती बंद करते, आणि विनाइलवर विनाइल चढवल्यास दोहोंच्या मधली खळसुद्धा सुकू शकत नाही, कारण तिच्यातील पाण्याला ना पुढे जाता येते ना मागे. अशी खळ कित्येक दिवस ओली राहते, तिच्यावर बुरशी धरते आणि खोलीत कुबट वास येऊ लागतो. पोताऱ्याच्या अनुभवावरून वॉलपेपरचा निर्णय घेणे म्हणूनच फसवे आहे.

साध्या कागदावर साधा कागद लावतानाही काही अडचणी असतात. नव्या कागदाच्या खळीतील पाणी जुन्या कागदात झिरपते आणि त्याच्यामागची जुनी खळ पुन्हा नरम करते. ओला कागद रुंदीत थोडा पसरतो व सुकताना आकसतो. आकसताना तो आपल्याखालच्या थराला ओढतो. जुन्या कागदाची पकड कुठे सैल झालेली असेल, किंवा तो भुकटी सुटणाऱ्या स्वस्त डिस्टेंपरवर लावलेला असेल, तर दोन्ही कागद एकत्रच भिंतीपासून सुटतात. कडेला हात लावून पाहिले असता नव्या कागदाच्या पाठीला जुना कागद आणि त्याच्या पाठीला डिस्टेंपरची पांढरी भुकटी चिकटलेली दिसते. नव्या कागदाची खळ अशा ठिकाणी चांगलीच धरलेली असते. तुटलेली असते ती सर्वांत आतली पकड. याशिवाय जुना सांधा व उठावाची नक्षी नव्या कागदातून वर दिसते, आणि गडद लाल, निळ्या किंवा सोनेरी छपाईचा रंग पाण्याने विरघळून फिक्या कागदावर डाग उमटवतो.

वॉलपेपरचा मोठा वापर प्रथम युरोपात झाला. इंग्लंडमध्ये १७१२ साली छापील व रंगीत कागदावर कर बसवण्यात आला व १८३६ साली तो उठला. त्यानंतर लवकरच, १८३९ च्या सुमारास, लँकाशायर परगण्यातील डार्वेन येथे यंत्रावर वॉलपेपर छापला जाऊ लागला व कागद सामान्य घरांच्या आवाक्यात आला. तेथील जुन्या घरांतून एकावर एक चढवलेले अनेक थर सापडतात आणि वास्तुसंवर्धक ते सुटे करून घराचा कालक्रम लावतात. ओल्या भिंतीवरील कागदाचा धोकाही तेथेच उघड झाला. त्या काळच्या लोकप्रिय हिरव्या रंगांत आर्सेनिक असे, आणि अशा कागदावर वाढणारी बुरशी विषारी वायू सोडते, हे इटालियन वैद्य बार्तोलोमेओ गोसिओ यांनी १८९० च्या दशकात दाखवून दिले. आजच्या कागदात ते रंग नाहीत. तथापि बुरशीचे कण दमेकऱ्यांना व लहान मुलांना आजही त्रासदायक आहेत.

विदर्भातील भिंतींची ओल निरनिराळ्या वाटांनी येते, आणि कागद लावण्यापूर्वी ती कोठून येते हे समजून घेणे हाच या कामाचा गाभा आहे. काळी कसदार जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरील उथळ पायाच्या घरांच्या भिंतींना त्यामुळे तिरपे तडे जातात. तड्यावर लावलेला कागद एका हंगामात ताणून फाटतो व दुसऱ्या हंगामात चुरगळतो. दुसरा थर लावल्याने तडा फक्त काही महिने झाकला जातो. अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तेथील जमिनीतील पाणी खारे असल्याने जोत्यातून वर चढणाऱ्या ओलीबरोबर क्षारही भिंतीत येतात, आणि पाणी उडून गेले की ते कागदाच्या मागे पांढऱ्या भुकटीच्या रूपाने जमतात. याला लोणा लागणे म्हणतात. या क्षारांचे स्फटिक वाढताना गिलाव्याचाच पापुद्रा सोडवतात, त्यामुळे खळ कितीही चांगली असली तरी जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतचा कागद राहत नाही. भंडारा, गोंदिया व गडचिरोली या धानाच्या जिल्ह्यांत पाऊस पश्चिम विदर्भापेक्षा बराच अधिक असतो, आणि बाहेरून प्लास्टर न केलेल्या विटांच्या भिंतीतून तो आत झिरपतो. निधी संपल्यामुळे बाहेरचे प्लास्टर राहून गेलेल्या घरकुलांत हे विशेष दिसते. अशा घरात कागदावर होणारा खर्च आधी बाहेरच्या प्लास्टरवर करणे कितीतरी हिताचे आहे. उरला कूलर. विदर्भातील उन्हाळ्यात, जेव्हा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा कूलरवाचून घर चालत नाही. मात्र ज्या खिडकीत तो बसवलेला असतो तिच्याखालची व लगतची भिंत मार्च ते जून ओलसरच असते. त्या भिंतीवर दोन थर लावू नयेत.

भिंतीची परीक्षा सोपी आहे. जुन्या कागदाचा एक कोपरा ब्लेडने हळूच उचलून मागची बाजू पाहावी. काळे ठिपके, पांढरी भुकटी किंवा ओलसर थंडावा आढळल्यास पुढचे काम थांबवावे. उघड्या भिंतीच्या भागावर हातभर प्लास्टिक चारही कडांनी टेप लावून रात्रभर ठेवावे आणि सकाळी त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब आले आहेत काय ते पाहावे. मग तळहात सगळ्या कागदावर दाबत फिरवावा. जेथे कागद कुरकुरतो किंवा पोकळ लागतो, तेथे तो सुटलेला असतो. असे भाग थोडे असतील तर ते कापून काढता येतात. भिंतभर असतील तर कागद उतरवणेच भाग आहे. पाण्याचा थेंब टाकला असता तो शोषला गेला तर कागद साधा, आणि ओघळून गेला तर विनाइलचा समजावा.

परीक्षेत उतरलेल्या भिंतीवर काम सुरू करण्याआधी घराचा मेन स्विच बंद करून बोर्डांच्या पट्ट्या उघडाव्यात. सुटलेले तुकडे कापून तेथे लांबी (पुट्टी) भरावी, जुने सांधे पॉलिश पेपरने घासून सपाट करावेत, धूळ पुसावी आणि प्रायमरचा एक हात द्यावा. येथे तेलाचा प्रायमर बरा, कारण पाण्याचा प्रायमर जुनी खळ सैल करू शकतो. तो पुरता सुकायला एक दिवस द्यावा. जुन्या सांध्यावर नवा सांधा कधीही येऊ देऊ नये. यासाठी पहिला पट्टा अर्ध्या रुंदीचा कापतात: १२ फूट रुंद व ९ फूट उंच भिंतीवर साडेदहा इंचांचा अर्धा पट्टा, मग २१ इंचांचे सहा पूर्ण पट्टे आणि शेवटी साडेसात इंचांची पट्टी, असे आठ तुकडे होतात. एका गुंडाळीतून ९ फुटांचे तीन पट्टे निघतात, म्हणजे तीन गुंडाळ्या लागतात. नक्षी मोठी असेल आणि ती जुळवायची असेल तर एखादी जास्त घ्यावी. पहिला पट्टा ओळंब्याने सरळ करावा, दाराच्या चौकटीवर विसंबू नये. कागद मधून कडांकडे दाबत न्यावा आणि खळ सुकेपर्यंत पंखा व कूलर बंद ठेवावेत, नाहीतर कडा आधी सुकून उचलतात.

तयार पावडरीऐवजी काही जण मैद्याची खळ घरी शिजवतात. कसर व झुरळे ती खातात म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालण्याची रीत आहे. वरूड, मोर्शी, काटोल या संत्र्याच्या भागात बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी मोरचूद शेतकऱ्याच्या घरी असतोच. तो विषारी आहे आणि लोखंडी भांडे खातो, त्यामुळे खळीसाठी वेगळे प्लास्टिकचे भांडे ठेवावे आणि उरलेली खळ मुलांच्या व गुराढोरांच्या तोंडी लागणार नाही अशी पुरावी. वाळवीवर या उपायाचा भरवसा धरू नये. ती जमिनीतून येते आणि दोन कागदांच्या आडोशाने चौकटीपर्यंत जाईस्तोवर दिसत नाही.

कामाचा काळ म्हणून फेब्रुवारी व मार्च सर्वांत चांगले, कारण तोवर भिंती पावसाळ्यानंतर सुकलेल्या असतात आणि ऊन फार चढलेले नसते. मे महिन्यात खळ हाताखालीच वाळते. लोकांचा कल मात्र दिवाळीच्या तोंडावर काम उरकण्याकडे असतो, जेव्हा पाऊस नुकताच थांबलेला आणि भिंती आतून ओल्या असतात. त्या घाईत लावलेला दुहेरी कागद पुढच्या पावसाळ्यात जोत्याकडून उकलू लागतो.

स्टिकरच्या कागदाची गोष्ट वेगळी आहे. त्यात पाणी नसल्याने तो जुन्या कागदाला सैल करत नाही, पण त्याचा सारा भार वरच्या थरावरच राहतो आणि टिनाच्या छपराखालच्या उष्णतेत त्याचा गोंद पातळ होऊन कडा गळतात. फोमची शीट कागदावर लावू नये. ती सुटली की खालचा कागद फाडून घेऊनच येते, आणि ती सहज पेट घेते. चूल, गॅस आणि देवघरातील दिवा यांच्या जवळच्या भिंतीवर फोम वा विनाइलचे थर नसावेत.

एकदा दोन थर बसले की ते उतरवणे एका थरापेक्षा बरेच जड जाते. विनाइलचा वरचा पापुद्रा कोरडाच ओढून काढावा लागतो, कारण पाणी त्याच्यातून आत जात नाही. मग उरलेल्या कागदाला कोमट पाणी लावून पंधरा-वीस मिनिटे भिजू द्यावे, पत्तीने खालून वर खरवडावे, आणि पुन्हा खालचा थर भिजवावा. पांढऱ्या सिंथेटिक गोंदाने लावलेला कागद पाण्याला दाद देत नाही व गिलाव्यासह निघतो. मातीच्या भिंतीवर हे भिजवणे चालत नाही; तेथे कागद कोरडाच सोलून उघडी पडलेली माती नव्या लेपाने सावरावी लागते. सिमेंटची भिंत खरवडल्यावर धुऊन, निदान दोन-तीन आठवडे उघडी ठेवून सुकवावी आणि मगच तिला लांबी व प्रायमर लावावा.