बिनबापाचे नर आणि साबणाचं पाणी

शिगमो संपला की फोंड्यात ऊन चटके देऊ लागतं आणि शेजारच्या काकींचा मोगरा दरवर्षी याच सुमारास रुसतो. यंदाही पानं निस्तेज झाली, मग त्यांच्यावर रवा सांडल्यासारखे पांढुरके ठिपके उमटले. "बाय, कोणाची तरी दिष्ट लागली गो झाडाला," काकी म्हणाल्या. कुंडीला मिरची-लिंबू बांधूनही झालं होतं. मी एक पान तोडलं, उलटं केलं आणि भिंग काकींच्या हातात दिलं. शिरेच्या आडोशाला फिकट पिवळे, पाठीवर दोन काळे डाग असलेले जीव फिरत होते. काकींनी पाय मोजले. आठ.

हा कोळी, शास्त्रीय नाव टेट्रानिकस अर्टिकी. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. सहा पायांच्या कीटकांत तो मोडत नाही, त्याचे नातलग म्हणजे जाळं विणणारे कोळी, विंचू, गोचीड. म्हणूनच कीटकांसाठीची कित्येक औषधं त्याच्यावर चालत नाहीत. सुईसारखं तोंड पानात खुपसून तो एकेक पेशी रिकामी करतो, हरितद्रव्यासकट. रिकाम्या पेशींचे पुंजके म्हणजेच ते पांढुरके ठिपके. दिष्ट काढण्यात आठवडा गेला तर एवढ्यात त्याची नवी पिढी उभी राहते, एवढंच मला त्या मिरची-लिंबाबद्दल म्हणायचं आहे.

कारण या प्राण्याचं कुटुंब विलक्षण आहे. मादीच्या पेशीत 6 गुणसूत्रं असतात, नराच्या पेशीत फक्त 3. निम्मी आईकडून, निम्मी बापाकडून, असं आपण शाळेत शिकलो. इथे नराला बापच नसतो. अंडं फलित झालं तर मादी, नाही झालं तर नर. नर्सरीतल्या रोपावरून एकच कुमारी मादी तुमच्या गॅलरीत आली तरी पुरे. ती आधी मुलगे घालते, ते वयात आले की त्यांच्यातल्याच एकाशी तिचं मीलन होतं आणि मग मुलींची रांग लागते. 30 अंशांच्या आसपास अंड्यापासून प्रौढ व्हायला साधारण 8 दिवस लागतात आणि एक मादी शंभराच्या घरात अंडी घालते. भिंगातून नीट पाहिलंत तर आणखी एक दृश्य दिसेल: शेवटची कात टाकण्याआधी निपचित बसलेली मादी आणि तिच्या अंगावर पहारा देत बसलेला बारकुळा नर. ती कातीतून बाहेर येताच त्याला पहिला मान हवा असतो.

आता या बिनबापाच्या नराचा औषधाशी काय संबंध, ते पाहा. समजा एखाद्या विषाला दाद न देणारं जनुक कुठेतरी निपजलं आणि ते अप्रभावी प्रकारचं आहे. आपल्यासारख्या, गुणसूत्रांच्या जोड्या असलेल्या प्राण्यांत ते जोडीदार जनुकाच्या आड पिढ्यानपिढ्या दडून राहू शकतं. नर कोळ्याकडे जोडीदार जनुक नाहीच, त्यामुळे त्याच्यात ते लगेच कामाला लागतं. फवारा पडला की बाकीचे नर मरतात, हा जगतो, आणि उरलेल्या माद्यांना जोडीदार म्हणून हाच मिळतो. त्याच्याकडे एकच संच असल्यामुळे ते जनुक त्याच्या झाडून सगळ्या मुलींना मिळतं. 90हून अधिक रासायनिक घटकांना दाद न देणाऱ्या कोळ्यांची नोंद जगभरातून झाली आहे. त्यात जहाल फवारे कोळ्यांना खाणारे जीवही मारतात. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीसारख्या औषधांचा वापर वाढला तसा कोळ्यांचा उपद्रव वाढला, तो यामुळेही.

म्हणून माझा भर साबणावर. साबणातली स्निग्धाम्लं कोळ्याच्या अंगावरचं मेणाचं कवच भेदतात आणि पेशींची आवरणं विस्कटतात. अशा घावाला पुरून उरणारा कोळी निपजणं फार कठीण. मात्र साबण ओला असेपर्यंतच काम करतो आणि अंगाला लागला तरच. वरून पानं चकाकेपर्यंत फवारलं आणि खालची बाजू कोरडी राहिली तर काही साधलं नाही. अंडी बहुतेक वाचतातच.

आधी नळीच्या जोरदार धारेने पानांची खालची बाजू धुवावी, या कोळ्यांनीही विणलेली बारीक जाळी तुटते आणि निम्मी फौज वाहून जाते. मग लिटरभर पाण्यात 5 मिलि कडुनिंबाचं तेल आणि ते पाण्यात मिसळण्यापुरता खरा साबण. भांडी घासायचा डिटर्जंट नको, त्याने पानांवरचा मेणाचा थरच जातो. दुष्फेन पाण्यात साबणाची साय होते, तेव्हा फेस येतो का ते आधी पाहावं. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस थांबावं, उन्हात तर कधीच फवारू नये. मोबाइलवर फिरणारे 'एका फवाऱ्यात कोळी गायब' हे व्हिडिओ अंड्यांचा हिशेब विसरतात. उन्हाळ्यात अंडी तीन-चार दिवसांत फुटतात, म्हणून दर पाच दिवसांनी, निदान तीन वेळा. आगशीची वांगी, सात शिरांची भेंडी, जास्वंद, सगळ्यांना हेच.

काकींच्या मोगऱ्याला तीन फवारे झाले. ठिपक्यांची जुनी पानं हिरवी झाली नाहीत, रिकाम्या पेशी भरून येत नाहीत. पण शेंड्याला आलेली नवी पानं स्वच्छ आहेत. परवा त्यांनीच हाक मारून एक पान दाखवलं. मोहरीहून लहान, काळा, चकचकीत ढालकिडा शेवटच्या चार-दोन कोळ्यांवर तुटून पडला होता. चौथा फवारा आम्ही मारला नाही.