हरित सेना, शालेय

हरित सेना, शालेय : शाळेतील विद्यार्थ्यांचे पर्यावरण मंडळ. केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने २००१-०२ मध्ये ‘राष्ट्रीय हरित सेना’ ही योजना देशभर सुरू केली. महाराष्ट्रात तिचे काम सामाजिक वनीकरण विभागाकडे आले. राज्याच्या वन विभागाने पुढे स्वयंसेवक नोंदणीसाठी काढलेली ‘महाराष्ट्र हरित सेना’ वेगळी. दोहोंची नेहमी गल्लत होते.

योजनेचे मूळ कोठे धरावे, याबाबत एकमत नाही. रूढ मत सर्वोच्च न्यायालयाच्या २२ नोव्हेंबर १९९१ च्या निकालाकडे बोट दाखवते. पर्यावरणविषयक खटले लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवरील या निकालाने पर्यावरण हा शिक्षणात सक्तीचा विषय करण्यास सांगितले; मात्र अंमलबजावणी रेंगाळल्याने न्यायालयाला २००३ मध्ये पुन्हा आदेश द्यावा लागला. काहीजण त्याही मागे, ४२व्या घटनादुरुस्तीपर्यंत (१९७६) जातात. तिने आलेल्या कलम ५१क (छ) नुसार वने, सरोवरे, नद्या व वन्य जीव यांचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. पण निकालाने विषय दिला, दुरुस्तीने कर्तव्य दिले. ते मुलांनी हातांनी कसे करावे हे दोहोंत नाही. ती रीत १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीममध्ये, म्हणजे हातकामातून शिकवण्याच्या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीत, आढळते. तेथे सफाई, बागकाम व सूतकताई हाच पाठ होता. ‘पर्यावरण’ हा शब्द तेथे नसला, तरी पद्धतीचे मूळ तेथे शोधणे अधिक सयुक्तिक वाटते.

नागरिकशास्त्राशी या विषयाचे नाते पाठ्यपुस्तकांनीही जोडले : बालभारतीच्या पाचवीच्या ‘परिसर अभ्यास भाग १’मध्ये विज्ञान, भूगोल व नागरिकशास्त्र एकत्र आले.

वृक्षदिंडी, घोषवाक्ये, रोपवाटिका हे उपक्रम सर्वपरिचित आहेत. नागरिकत्वाच्या दृष्टीने मोलाचा उपक्रम मात्र साधा असतो. गळक्या नळाखाली बादली ठेवायची, तासाभरात साचलेले पाणी मापाने मोजायचे, त्याला चोवीसने गुणून आकडा फळ्यावर लिहायचा. मग तो आकडा घालून शाळा व्यवस्थापन समितीला किंवा ग्रामपंचायतीला अर्ज करायचा आणि पोच घ्यायची. अर्ज कोणाकडे जातो व उत्तर कधी मागता येते, हे मुलांना येथे प्रथम कळते. लावलेल्या रोपांच्या संख्येवर मंडळाचे यश मोजण्याची प्रथा म्हणूनच अपुरी आहे. जुलैतल्या रोपाची खरी परीक्षा मे महिन्यात, शाळा बंद असताना होते. काही शाळांत तेव्हा गावातच राहणारी मुले पाळीपाळीने कळशीने पाणी घालतात.